उरलेली नक्कल

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. निजामपुऱ्यातला एक गुजराती मेकॅनिक आमच्या कारखान्याच्या जीपगाड्यांतले जुने वायरलेस सेट दुरुस्त करायचा. माइकचं बटण दाबल्याचा नुसता 'खट' ऐकून कोणत्या जीपचा सेट ते सांगायचा, आणि चहा मागतानाही वायरलेसवर बोलणं संपवताना म्हणतात तसं शेवटी 'ओव्हर' म्हणायचा.

एकदा जीपमध्ये मी ड्रायव्हरला मोठ्या साहेबांची नक्कल करून दाखवायला लागलो. माइक माझ्याच मांडीखाली दाबला गेला होता. सगळं चॅनलवर जात होतं, आणि साहेब ऑफिसात सेटपाशीच बसलेले. माझी नोकरी गेलीच असती. पण साहेबांचा तो ठरलेला खोकला मी काढतोय तोच तिकडे आपल्या दुकानात मेकॅनिकनं माझा सेट ओळखला, स्वतःचा सगळ्यांत ताकदवान सेट लावला आणि बेसूर गरबा गायला लागला. चॅनलवर ज्याचा सेट जोरदार, त्याचंच ऐकू येतं.

साहेबांनी त्याला बोलावून झापलं, "चॅनलवर नवरात्र मांडलीय का?"

"टेस्टिंग चालू होतं, साहेब. ओव्हर."

मी दुकानात गेलो, तर हसून हसून त्याच्या हातातला पाना पडला. "मजा आवी गई, भाऊ. पण नुसता खोकलाच ऐकला हो, मग मलाच गावं लागलं. बाकीचं केव्हा? ओव्हर."

माझ्या वाटणीच्या शिव्या त्यानं खाल्लेल्या, त्यामुळे मी नुसता त्याचा पाना उचलून दिला. ती उरलेली नक्कल मी अजून त्याला देणं लागतो.