एकुलत्यांचा कप्पा

ज्या दुकानात चार माणसं काहीही विकत न घेता दर रविवारी बसतात, त्या दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. माल निदान विकला तरी जातो. किस्से तसेच पडून राहतात आणि तुमच्यासारखं कोणी भेटलं की बाहेर येतात. रफीकभाईंच्या दुकानातले माझ्याकडे इतके झालेत की आज थोडी जागा करतो.

दुकान सदाशिव पेठेत होतं, एका क्लासच्या जिन्याखाली. जमाना कॅसेटचा. लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि रफीकभाई ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचे. राहायला ते कसबा पेठेत. त्यांचं घराणं घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचं. रफीकभाईंनी घड्याळं सोडून टेपरेकॉर्डर धरला, पण डोळ्याला भिंग लावल्यासारखं बघायची सवय काही गेली नाही. गिऱ्हाइकाकडेही ते तसंच बघत.

आम्ही बसणारे चौघं. मी सरकारी कचेरीतला कारकून. केळकर सर शाळेत गणित शिकवायचे. बापूंचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता. त्यांना इंग्रजी गाण्यातला एक शब्द कळायचा नाही, पण सगळी गाणी आवडायची! आणि चौथे डॉक्टर साठे. त्यांचा दाताचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून.

आमचा वाद वर्षानुवर्षं एकच. वन-हिट वंडर कोणाला म्हणायचं? म्हणजे असा गायक किंवा बँड, ज्याचं एकच गाणं गाजलं आणि पुढे पत्ताच नाही. रफीकभाई त्याला 'एकुलता' म्हणत. काउंटरच्या मागे, पार वर पंख्याजवळ एक कप्पा होता. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली : 'एकुलते'. सगळ्यांच्या मताने ठरलं की त्या बँडची रेकॉर्ड वर जायची. तिथून सुटायचा मार्ग एकच. त्यांचं दुसरं गाणं कोणीतरी गुणगुणून दाखवायचं!

•

नियम सुरुवातीला इतका साधा होता. तो बिघडवला केळकर सरांनी.

स्वीडनची एक जोडी होती, नवरा-बायको. त्यांना वर पाठवायचं ठरलं तेव्हा सर भडकले. "मला त्यांची पाच गाणी येतात! पाच!" पुढच्या रविवारी तयारी करून आले. डोळे मिटून, हाताने ताल धरून, पाचही गाणी ओळीने गुणगुणले. वीस मिनिटं लागली. दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली.

रफीकभाईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, हे पाच वेळा एकच गाणं आलं. फक्त चपला बदलून!"

तेव्हापासून नियम कडक झाला. आपल्यातल्या कोणाची साक्ष चालणार नाही. साक्षीदार बाहेरचा हवा, नात्यागोत्यातला नको, आणि त्याला कोणी शिकवलेलंही नको. गुणगुणून झालं की रफीकभाई त्याला एकच प्रश्न विचारणार, "कुठे ऐकलंत आपण?"

•

आता यात माझा गुन्हा कबूल करतो.

जुन्या बाजारात मला एक छोटी रेकॉर्ड सापडली. 'द लकडी पूल फोर' असं बँडचं नाव. पुण्याच्याच चार कॉलेजकुमारांनी कधीतरी काढलेली. त्यातलं 'संडे सायकल' हे गाणं आमच्या वयाच्या प्रत्येकाला पाठ. गॅदरिंग असो की सहल, ते म्हटल्याशिवाय बस हलायची नाही. मी मोठ्या ऐटीत रेकॉर्ड काउंटरवर ठेवली. म्हटलं, "बोला! ह्यांचं दुसरं गाणं कोणाला येतं?"

कोणालाच येत नव्हतं. सर म्हणाले, "वर." बापू म्हणाले, "वर." मी तर म्हणालोच. मग आम्ही डॉक्टरांकडे बघितलं.

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी मत देत नाही," ते म्हणाले. "मी आहे त्यात."

इतकी वर्षं हा माणूस आमच्याबरोबर बसत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता! 'संडे सायकल' अशोक नावाच्या मित्राचं. त्यानेच केलेलं, त्यानेच म्हटलेलं. डॉक्टर तिथे नुसती गिटार वाजवत होते. मागच्या बाजूचं गाणं मात्र डॉक्टरांचं. 'गर्ल ऑन द थर्ड बेंच'. चाल त्यांची, शब्द त्यांचे, आवाज त्यांचा.

रफीकभाईंनी लगेच मागची बाजू लावली. छान होतं हो गाणं, खरंच छान होतं. मध्ये एका ठिकाणी आवाज एकदम उंच गेला तसे डॉक्टर कसनुसे झाले. "तिथे खरं तर खाली यायचं होतं. घाबरून माझा आवाज वर गेला. पुन्हा घेतो म्हटलं तर स्टुडिओवाल्याने घेऊ दिलं नाही."

गाणं संपलं. मी म्हटलं, "रफीकभाई, ही राहू द्या खालीच."

"का?"

"डॉक्टर आपले आहेत."

"म्हणूनच त्यांची साक्ष चालत नाही," असं म्हणून रफीकभाईंनी स्टूल ओढलं आणि रेकॉर्ड वर ठेवली. डॉक्टर हसले. हसले, पण कप परत उचलला नाही. मला फार वाईट वाटलं.

•

त्यानंतर डॉक्टरांना ध्यास लागला. कोणीतरी आपलं गाणं गुणगुणावं, बस!

त्यांनी रफीकभाईंकडून एक कॅसेट भरून घेतली. एक तासाची. दोन्ही बाजूंना एकच गाणं, पुन्हा पुन्हा! ती दवाखान्यात दिवसभर लावून ठेवायला लागले. हिशेब सरळ होता. रोज इतके पेशंट येतात, एकाच्या तरी तोंडात बसेल.

महिन्याभराने एक निवृत्त हेडमास्तर दुकानात आले, नाट्यगीतांची यादी घेऊन. डॉक्टरांनी मला कोपराने ढोसलं. "माझा पेशंट! चार वेळा आलाय!" रफीकभाईंनी स्टुलावर चढून रेकॉर्ड काढली आणि मागची बाजू लावली.

पहिले दोन सूर वाजले असतील नसतील, हेडमास्तरांचा हात गालावर गेला. "अहो, बंद करा ते! माझी दाढ झालीय काढून!"

"ओळखलं की नाही?" डॉक्टर ओरडले.

"ओळखलं," रफीकभाई म्हणाले. "पण गुणगुणले नाहीत. विव्हळले!"

•

मग बापूंना दया आली. बापूंची दया म्हणजे मोठं काम. ती कधीच गुपचूप होत नाही.

एका रविवारी ते दोन हमालांना घेऊन दुकानात आले. दोघं काउंटरपाशी सरळ उभे राहिले आणि त्यांनी 'गर्ल ऑन द थर्ड बेंच' सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुणगुणून दाखवलं. सूर पक्के. उंच जायच्या जागी दोघं एकदम उंच गेले. डॉक्टरांचे डोळे भरून आले!

रफीकभाईंनी आपला प्रश्न विचारला. "कुठे ऐकलंत आपण?"

त्यातला थोरला मोकळेपणाने म्हणाला, "ऐकतोय कुटं? बापूशेटनी शिकविलंय की! बटाट्याची गाडी खाली करताना म्हनायला लावत्यात. आता त्याबिगर पोतंच उचलत न्हाय."

बापू छताकडे बघायला लागले. रफीकभाईंनी दोघांना चहा पाजला आणि साक्ष फेटाळली.

मला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं की पुण्यात ज्या एका ठिकाणी डॉक्टरांचं गाणं रोज म्हटलं जातंय, ते ठिकाण मोजायचंच नाही, हा काय न्याय झाला? पण नियम म्हणजे नियम. आणि तो करताना मीही मान हलवली होती.

•

वरच्या क्लासला येणारी एक मुलगी होती. कानात वायरी, पाठीवर सॅक. ती एकदा जिन्यावर उभी राहून आमचा वाद ऐकत होती. आम्ही एका आयरिश गायकाला वर पाठवण्याच्या बेतात होतो.

"काका, एक विचारू? त्या बिचाऱ्याचं एक तरी हिट झालं ना? तुमच्यापैकी कोणाचं काय हिट झालंय?"

केळकर सरांनी चष्मा पुसला. बापूंनी खिशात उगाचच काहीतरी शोधलं. मी कचेरीतली तेवीस वर्षं डोक्यातल्या डोक्यात चाळून आलो. काही सापडलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "माझं अर्धं झालंय."

मुलगी म्हणाली, "कूल!" आणि वर निघून गेली. आयरिश गायकाला त्या दिवशी आम्ही खालीच ठेवलं.

•

पुढचा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण तो गाळून पुढचा सांगता येणार नाही.

अशोक पुण्यात आले. तेच ते, 'संडे सायकल'वाले. बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात होते. डॉक्टर त्यांना मोठ्या कौतुकाने दुकानात घेऊन आले. माणूस एकदम दिलखुलास. आम्ही आग्रह केला तसं त्यांनी उभं राहून 'संडे सायकल' म्हटलं. क्लासची मुलं जिन्यावर जमली, समोरचा इस्त्रीवाला हातातलं काम सोडून आला. टाळ्या पडल्या. डॉक्टरसुद्धा मांडीवर ताल देत होते.

बापूंना राहवलं नाही. "आता मागच्या बाजूचं होऊन जाऊ द्या!"

अशोकनी क्षणभर विचार केला. मग डॉक्टरांकडे वळून अगदी निर्मळपणे विचारलं, "मागच्या बाजूला काही होतं का रे?"

डॉक्टर म्हणाले, "चहा घे. गार होतोय."

पुढच्या रविवारी डॉक्टर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दवाखान्यावरून जाताना मी कान दिला. कॅसेट बंद होती.

मी रफीकभाईंना म्हटलं, "ती रेकॉर्ड मीच आणली. मीच खाली घेतो. पुरे झाला हा पोरखेळ."

रफीकभाई म्हणाले, "घ्या की. स्टूल तिथे आहे. पण डॉक्टर विचारतील, कोणी गुणगुणलं? काय सांगायचं? की कारकूनसाहेबांना दया आली?"

मी स्टुलाला हात लावला नाही.

पाचव्या रविवारी डॉक्टर आले, नेहमीच्या जागी बसले आणि चहा मागवला. गाण्याचा विषय त्यांनी काढला नाही. आम्हीही नाही. वर कप्प्याकडे त्यांनी मान करून बघितलं नाही, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

•

आणि आता शेवटचा.

असाच रविवार होता. सकाळी साडेदहाचा सुमार. पस्तिशीच्या एक बाई आल्या, हातात भाजीची पिशवी आणि कोरी कॅसेट. कसबा पेठेतल्या होत्या. म्हणाल्या, "एक गाणं भरून हवंय. इंग्रजी आहे. नाव माहीत नाही, कोणी म्हटलंय तेही माहीत नाही."

असली गिऱ्हाइकं रोजच यायची. रफीकभाई म्हणाले, "गुणगुणा."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि गुणगुणायला लागल्या.

पहिली ओळ झाली आणि केळकर सरांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. बापूंनी माझा दंड धरला. मी डॉक्टरांकडे बघायचं टाळलं. दुसरी ओळ झाली. तिसरी झाली. मग ती जागा आली आणि बाई सहज, अगदी सवयीने, वर गेल्या.

"तिथे खाली यायचं," डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

बाई थांबल्या. त्यांनी डॉक्टरांकडे आपादमस्तक बघितलं.

"नाही हो. वरच जातं. तीच तर गोड जागा आहे त्यातली. आपण नीट ऐकलेलं दिसत नाही."

डॉक्टरांनी चहाचा कप उचलला.

रफीकभाईंनी घसा खाकरला. "कुठे ऐकलंत आपण?"

"आमच्या घरी. भावाने कुठूनशी रेकॉर्ड आणली होती. तिची एक बाजू खराब झालेली, सुई घसरायची. मग हीच बाजू लावायचो आम्ही. परीक्षेच्या दिवसांत पहाटे भाऊ हेच लावून मला उठवायचा. लग्न होईपर्यंत कितीदा ऐकलं असेल! भाऊ आता नाही. रेकॉर्डही कुठे गेली कोण जाणे." त्यांनी कॅसेट पुढे केली. "मिळेल का?"

"मिळेल," रफीकभाई म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, आणि पंख्याजवळच्या कप्प्यातून रेकॉर्ड काढून, बाहीने पुसून, काउंटरवर ठेवली. पुन्हा वर जायचं नाही अशा बेताने स्टूल लांब सरकवलं.

बाई खूश झाल्या. "अगोबाई! आहे की! मग असं करा, एका गाण्यासाठी अख्खी कॅसेट कशाला रिकामी ठेवायची? ह्यांचंच आणखी एखादं चांगलं असेल तर तेही भरा."

रफीकभाईंनी रेकॉर्ड हातात घेतली. 'संडे सायकल'ची बाजू वर होती. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

डॉक्टरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले,

"नाही हो बाई. त्यांचं एवढं एकच गाजलं."