माझ्या भावाला जहाजावर धाडणारा

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला होता. त्याला तिथं चिकटवलं आमच्या आत्याच्या मुलानं. मेहकरात त्याचं ऑफिस होतं, गावोगावची पोरं तो जहाजांवर पाठवायचा. आम्ही त्याला दादा म्हणायचो. आता मी त्याला काहीच म्हणत नाही.

त्याच्या जहाजाच्या वाटेवर लढाई पेटली तेव्हा भावाचा एका बंदरातून फोन आला. मी दुकानात ब्लाउजला अस्तर लावत होते.

"ताई, जहाज आता लढाईच्या बाजूनंच जाऊन राह्यलं. ज्याले भेव वाटते त्यानं इथंच उतरावं, असं कॅप्टन म्हणते."

"मंग उतर ना रे!"

"दादाले इचारलं. तो म्हणे, आता उतरला तर पुन्हा कोनतंच जहाज घेनार नाही तुले."

मी मशीन तशीच सोडून समोरच्या माडीवरच्या त्याच्या ऑफिसात गेले. दादा भजी खात होता. हसला. "अवं, तू टीव्ही पाहू नको. रोज जातेत जहाजं तिथून."

त्याच आठवड्यात जहाजावर हल्ला झाला. भावासोबतच्या, वाचलेल्या एका केरळी पोरानं फोनवर हिंदीत सांगितलं. वरची माणसं लाइफबोटीत उतरली, इंजिनरूमकडं मात्र कुणाला जाताच आलं नाही. जहाज बुडालं. आमच्या हाती काही आलं नाही.

आईनं कित्येक महिने वाट पाहिली. मग पैनगंगेच्या काठी दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी दिला. तेरवीला दादा पांढरे कपडे घालून आला आणि पंगतीत मांडी घालून बसला. मी वरण वाढत होते. त्याच्यापुढे आले आणि थांबले.

"ऊठ."

"काय झालं, बाई?"

"पानावरून ऊठ म्हणते."

काका धावत आले. "तेरवीच्या पंगतीतून कोनाले उठवत नसतेत, माय."

"मी उठवून राह्यली."

तेवढ्यात आई घरातून आली.  तिनं त्याच्यापुढची पत्रावळ उचलली आणि दारातल्या कुत्र्यापुढं ठेवली. दादा चप्पल हातात घेऊन निघून गेला.

लोकांना वाटलं, माझा राग निवला. निवला नव्हता. पुढं त्याच्या जिन्यावर कुणी बापलेक चढताना दिसले की मी दुकानाचं शटर ओढायची आणि मागोमाग जायची.

एकदा बीबीकडचं भाजीवालं जोडपं पोराला घेऊन ऑफिसात बसलेलं. भिंतीवर माझ्या भावाचा फोटो, त्याला हार. दादा त्यांना सांगत होता, "हा माहा मामेभाऊ. देशासाठी गेला."

 मी त्या माणसाला म्हटलं, "भाऊ, यालेही तुमच्या पोराएवढा पोरगा हाये. त्याले यानं पुण्यात बँकेच्या परीक्षेच्या क्लासले ठेवलं. काऊन नाही धाडलं जहाजावर? इचारा."

त्या माणसानं खरंच विचारलं. दादा म्हणाला, "त्याले पानी सोसत नाही."

बाईनं पोराचं मनगट धरलं आणि जिना उतरली. मी भिंतीवरचा फोटो काढून घेतला, हार तिथंच टाकला. दादाचं तोंड उतरलं. त्याचं ते तोंड पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

वर्षाच्या आत ऑफिस बंद झालं. नवरा म्हणाला, "आता झालं ना तुझं?" मी मशीन सुरू केली.

परवा आत्या आली. माझे हात धरून रडली. "त्याले झोप नाही, बाई. खामगावले तेच काम नव्यानं सुरू केलं बिचाऱ्यानं. आता त्याले सोड."

मी तिला चहा दिला, पोळी-भाजी वाढली. बोलता बोलता नव्या ऑफिसचा पत्ता काढून घेतला.

सोमवारी मी खामगावची एसटी धरली.