बिवलकरांनी खरवडलेलं लेबल

दत्तप्रसाद बिवलकर चिंचवडच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात गोदाम सांभाळत. एकतीस वर्षांत लेबल नसलेली पेटी त्यांनी दारातून आत घेतली नाही. पेटी आणणारा मालकाचा मेहुणा होता तेव्हाही नाही. मेहुणा उन्हात दीड तास उभा राहिला आणि शेवटी लेबल आणायला परत गेला. मार्चअखेर बिवलकर निवृत्त होणार होते, आणि गोदामातली मंडळी त्या दिवसाकडे किती डोळे लावून बसली आहेत, याची त्यांना पूर्ण कल्पना होती.

या माणसाला व्यसन एकच, शर्यतींचं. रविवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फॉर्म्युला वन लागे. शेजारचा आमोद, संगणकाच्या कंपनीतला, लाल गाड्यांच्या संघाचा निस्सीम भक्त. आणि खालच्या मजल्यावरची सलोनी, कर्वेनगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारी. दोघं चहाच्या सुमाराला हजर होत. मग गाडीच्या तळाची फळी किती झिजलेली चालते, दंड पाच सेकंदांचा हवा होता की दहा, यावर जी जुंपे ती ताटं वाढली तरी मिटत नसे.

"या वर्षीच्या गाड्या म्हणजे मिक्सर झालेत, काका," आमोद म्हणे. "जवळजवळ निम्मा जोर बॅटरीचा. ब्रेक मारा, चार्ज करा, पुन्हा पळा. यात ड्रायव्हरचं काय राहिलं?"

"नियम सगळ्यांना सारखाच आहे ना? मग तुझाच मिक्सर मागे का?"

"टायर लवकर बदलले म्हणून."

"गेल्या रविवारी उशिरा बदलले म्हणून मागे होता."

त्यांच्या पत्नी कुसुमताई पोळ्या लाटता लाटता आतून म्हणत, "अहो, परक्यांचे टायर बदलून झाले असतील तर आपल्या स्कूटरचं मागचं चाक बघा. महिना झाला, मी हवा भरून भरून चालवतेय."

वर्षातून दोनदा मार्केट यार्डापलीकडच्या एका मैदानावर मातीवरच्या मोटरसायकल शर्यती होत. तिथे बिवलकर सुरक्षा-तपासनीस असत. पगार नाही, मान नाही, उन्हाचा मात्र तोटा नाही. त्यांनी स्वतः तयार केलेलं मराठी नियमपत्रक तपासणीच्या टेबलावर टाचलेलं असे. त्यातला अकरावा नियम असा होता: ‘हेल्मेटवर प्रमाणपत्राचे लेबल शाबूत असावे. दुकानाचे बिल, खोका, मोबाइलमधील छायाचित्र अथवा तोंडी खात्री चालणार नाही.’ गेल्या वर्षी शुभंकर नावाचा एक स्पर्धक लेबल निघालेलं हेल्मेट आणि बिल घेऊन आला होता. बिवलकरांनी त्याला घरी पाठवलं आणि त्याच संध्याकाळी अकराव्या नियमात दुसरं वाक्य घातलं.

या वेळी सलोनी पहिल्यांदाच उतरणार होती. वर्षभर दर शनिवारी तिने जुन्या मोटरसायकलवर सराव केला होता. नवोदित गटात उतरायला परवाना मिळाल्यापासून एकच वर्ष मिळतं, आणि तिचं वर्ष डिसेंबरात संपत होतं. ही शर्यत चुकली तर पुढल्या वेळी तिला थेट खुल्या गटात, आठ-आठ, दहा-दहा वर्षं मुरलेल्या मंडळींत उभं राहावं लागणार होतं. तिचं जुनं हेल्मेट बिवलकरांनीच मोडीत काढलं आणि नवं भेट द्यायचं ठरवलं. नाना पेठेतली सहा दुकानं त्यांनी पालथी घातली. एका दुकानदाराने तर विचारलं, "साहेब, तुम्ही हेल्मेट घेताय की सोयरीक जमवताय?"

शर्यतीच्या दिवशी नवोदितांची तपासणी सकाळी आठ ते दहा. धूळ बसावी म्हणून टँकरवाला गेनबा मैदानभर पाणी मारत होता. मैदानावर बिवलकर ओळख दाखवत नसत; सगळ्यांना ‘आपण’. पावणेदहाला सलोनीचा नंबर आला.

"आपला परवाना? हातमोजे? बूट?" प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण पडली. मग त्यांनी हेल्मेट हातात घेतलं, पट्टा ओढून पाहिला, काच वरखाली केली आणि पाठीमागची बाजू वळवली.

तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत काळं कवच, आणि त्यावर खुद्द बिवलकरांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी: नाव, रक्तगट, घरचा फोन.

त्यांनी हेल्मेट दोनदा फिरवलं. आणि मग त्यांना मागचा रविवार आठवला. हेल्मेटवर दुकानाची, सवलतीची, कंपनीची अशी पाच-सहा लेबलं होती. भेट द्यायची वस्तू अशी जत्रेतल्या फुग्यासारखी नको, म्हणून खोबरेल तेल आणि जुनं ब्लेड घेऊन ते टीव्हीसमोर बसले. आमोदशी नव्या इंजिनांच्या नियमांवरून वाद रंगला. तोंड नियम समजावून सांगत होतं आणि हात एकामागून एक लेबल खरवडत होते. शेवटी कवच आरशासारखं झालं तेव्हा त्यांनी स्वतःच स्वतःला शाबासकी दिली होती.

"काय झालं, काका?" सलोनीने विचारलं.

"लेबल नाही."

"होतं की. तुम्हीच..." ती थांबली. तिच्याही ध्यानात आलं.

सलोनीचा हौशी मेकॅनिक म्हणून आलेला आमोद पुढे झाला. "काका, तुम्ही स्वतः विकत घेतलंय. बिल तुमच्या फाइलमध्ये आहे. खोकासुद्धा माळ्यावर ठेवला असेल, मी ओळखतो तुम्हाला."

"अकरावा नियम वाच."

"अहो, पण तो नियम तुमचाच आहे."

"म्हणूनच वाच म्हणतोय."

"एका लेबलासाठी हिचं वर्ष घालवणार? ज्याने काढलं त्याला काही शिक्षा?"

बिवलकरांचा संताप झाला, पण तो काढायचा कुणावर? त्यांनी तपासणीचा कागद ओढला, ‘नापास’वर खूण केली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘प्रमाणपत्राचे लेबल नाही. लेबल तपासनिसाने स्वहस्ते काढले आहे.’ खाली पूर्ण सही केली. हेल्मेटला लाल चिठ्ठी बांधली.

सलोनी मोटरसायकलपाशी जाऊन बसली आणि हातमोजे काढून नीट घडी घालू लागली. ती रडली असती, भांडली असती तरी बिवलकरांना चाललं असतं. ती घडी काही त्यांना बघवेना.

दहाला बारा मिनिटं होती. जोडीदाराला टेबलावर बसवून बिवलकर उठले. एकतीस वर्षांत ज्याने कुणापुढे शब्द टाकला नव्हता, तो माणूस खिशातली मोजपट्टी घेऊन तंबूतंबूतून फिरू लागला. "सत्तावन्न सेंटिमीटरचं डोकं आहे. एका शर्यतीपुरतं हेल्मेट मिळेल का?"

एक जण म्हणाला, "माझं तर मघाशीच तुम्ही नापास केलंत." दुसऱ्याचं एकसष्टचं. तिसऱ्याने कानात इअरफोन घालून आकाशाकडे पाहिलं. शेवटच्या तंबूत शुभंकर बसला होता. त्याच्या गटाची शर्यत सकाळी लवकरच आटोपली होती आणि तो केळं खात होता.

"हेल्मेट?" त्याने केळं सावकाश संपवलं. "कुणाला हवंय? आणि त्यांचं स्वतःचं कुठे गेलं?"

बिवलकरांनी सगळं सांगितलं. खोबरेल तेलासकट.

"म्हणजे बिल आहे, पण लेबल नाही."

"हो."

"मग बिल चालत नाही का हो काका?"

"चालत नाही."

"खोका?"

"शुभंकर, आठ मिनिटं उरली आहेत. पुढच्या महिन्यात घरी या, मी समोर बसतो, तुम्ही सावकाश बोला."

शुभंकरने हेल्मेट पुढे केलं. बिवलकरांनी ते तिथल्या तिथे उलटं केलं, लेबल पाहिलं, पट्टा ओढला.

"आता हेही नापास करा," शुभंकर म्हणाला.

"पट्टा ठीक आहे," बिवलकर म्हणाले आणि पळत सुटले. त्यांना पळताना मैदानावर कुणी कधी पाहिलं नव्हतं. गेनबाने टँकर थांबवला. "सायेब, दमानं. आत्ताच पानी मारलंय, घसराल."

दहाला तीन मिनिटं असताना सलोनीच्या कागदावर हेल्मेटच्या रकान्यात बरोबरची खूण पडली.

नवोदित गटात अकरा जण होते. सलोनी सुटतानाच मागे पडली, मग तिने दोघांना मागे टाकलं, आणि तिसऱ्या फेरीत ओल्या वळणावर मागचं चाक निसटून आडवी झाली. आमोद ओरडला, "मी सांगत होतो, टायरमधली हवा कमी ठेव." बिवलकर टेबलाची कड धरून उभे. सलोनी उठली, मोटरसायकल उचलली, दोनदा किक हुकली, तिसरी लागली. ती आठवी आली.

परत आली तेव्हा काचेतून फक्त दात दिसत होते. बाकी सगळी माती. "काका, दोघांना मागे टाकलं. बघितलंत ना?"

"बघितलं," बिवलकर म्हणाले. "हेल्मेट दे."

त्यांनी ते फडक्याने पुसलं. उजव्या कानशिलावर बोटभर ओरखडा होता. पडताना डोकं जमिनीला लागलं होतं, आणि आपटलेलं हेल्मेट त्या क्षणापासून बाद. हा सोळावा नियम. तोही त्यांचाच. शुभंकर हेल्मेट परत घ्यायला हात पुढे करून उभा होता.

बिवलकरांनी लाल चिठ्ठी काढली, शुभंकरच्या डोळ्यांदेखत हेल्मेटला बांधली आणि दोरीला गाठ मारली.

"तुम्ही माणूस आहात की काय आहात?" शुभंकर म्हणाला.

"उद्या नवं घेऊन देतो. नाना पेठेत साडेसहाला या, कामावरून परस्पर येतो."

"येईन. पण दुकानात मीच बोलणार. तुम्ही बाहेर उभं राहायचं, आणि हेल्मेट माझ्या घरी पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

"मान्य," बिवलकर म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.