दाराजवळचा बाक

"मॅडम, एक केस पाठवतोय तुमच्याकडे. ड्रग्जचा संशय आहे."

फोन परीक्षा विभागाच्या प्रमुखांचा होता. आमच्या कॉलेजात त्यांना सगळे कंट्रोलर म्हणतात. सेमिस्टरची परीक्षा चालू होती. इलेक्ट्रॉनिक्सचा एक मुलगा पेपर चालू असताना दोनदा वॉशरूमला गेला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हॉलवरच्या सरांनी नाही म्हटलं. तेव्हा तो उत्तरपत्रिका बाकावर टाकून पळत बाहेर गेला आणि परत आलाच नाही. आधीच्या पेपरलाही असाच मधेच उठून गेला होता. बाहेर जाऊन काहीतरी घेतो, नाहीतर लपवलेली चिठ्ठी बघतो, असा हॉलवरच्या सरांचा अहवाल होता. मालप्रॅक्टिसची, म्हणजे कॉपीची केस उभी राहिली तर मुलाचं वर्ष जातं.

मी बेंगळुरूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात समुपदेशक आहे. समान संधी कक्षाचं कामही माझ्याकडेच. अपंगत्व किंवा लांबलेलं आजारपण असलेल्या विद्यार्थ्यांना शिकता यावं, परीक्षा देता यावी म्हणून जी सोय करून द्यायची, ती आम्ही बघतो. कुणाला लेखनिक, कुणाला जादा वेळ, कुणाला तळमजल्यावरचा वर्ग. इंग्रजीत याला अकॉमोडेशन म्हणतात. दारावर तो शब्द लिहिलाय, त्यामुळे दर जूनमध्ये चार पालक हॉस्टेलची खोली मागायला माझ्याकडे येतात. ज्यांना खरंच यायला हवं, ते मात्र दारावरची पाटी वाचून पुढे निघून जातात.

सारंग पाटणकर आला तो पाठवला म्हणून. उंच, फारच बारीक, कॉलरमध्ये मान हरवलेली. आडनाव बघून मी मराठीत बोलायला लागले. मी निपाणीकडची. इथे मराठी बोलायला मिळालं की मुलं मोकळी होतात, हा माझा अनुभव.

"बस रे. काय झालं त्या दिवशी?"

"पोट बिघडलं होतं."

"आधीच्या पेपरलाही?"

त्याचे कान लाल झाले. मी दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, पण मान वर होईना. मग त्याने एकदम भाषा बदलली. "मॅम, आय हॅव अल्सरेटिव्ह कोलायटिस." इंग्रजीत तो, आजार कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा, धडाधड बोलला. तेव्हा मला उमगलं. यातले मराठी शब्द त्याच्यासाठी घरातले, मोरीच्या दाराशी बोलायचे. ते आईच्या वयाच्या बाईसमोर उच्चारायचे कसे?

कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येते, आत जखमा होतात. बरं असतं तेव्हा माणूस चारचौघांसारखा असतो. आजार उसळला की दिवसातून कितीतरी वेळा जावं लागतं, रक्त पडतं, आणि कळ आली की थांबवणं हातात राहत नाही. ताणाने आणखी बिघडतं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपासून सारंग काही खायचा नाही. सकाळी पाणीसुद्धा प्यायचा नाही. तसाच उपाशी पेपरला बसायचा.

"मग त्या दिवशी सर नाही म्हणाल्यावर पळालास. वॉशरूममध्येच गेलास ना?"

"पोहोचलो नाही, मॅडम."

हे मात्र तो मराठीत बोलला.

पेपर सुटून गर्दी ओसरेपर्यंत तो वॉशरूममध्ये कडी लावून बसला होता. मग जॅकेट कमरेला बांधून बनशंकरीपर्यंत चालत घरी गेला. ऑटो नाही, बस नाही. कुणाच्या शेजारी बसणार? पँट स्वतः धुतली. आईने विचारलं तर म्हणाला, कॉफी सांडली.

मी समोरचा पेपरवेट उगाचच हलवत राहिले. त्याच्याकडे बघणं मलाच जमेना.

मग मी म्हटलं, "अर्ज कर. दाराजवळची जागा, न विचारता जायची परवानगी आणि गेलेला वेळ शेवटी भरून. एवढं कमिटीकडे मागता येतं."

"अपंगांच्या ऑफिसात अर्ज? माझे हातपाय धड आहेत, मॅडम. नावावर तसा शिक्का बसेल. मित्रांना कळलं तर..." मग म्हणाला, "बाबांना विचारतो."

दोन दिवसांनी बाबाच आले. सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर, मूळ नाशिकचे. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, 'वारंवार पोट बिघडतं' एवढंच लिहिता नाही का येणार?"

"तेवढ्यावर कुणी सोय देत नाही, साहेब."

"आम्ही घरात सुद्धा त्याला आजार म्हणत नाही. 'तब्येत' म्हणतो. नातेवाइकांना सांगितलंय की त्याला दुधाची ॲलर्जी आहे. उद्या प्लेसमेंट, परवा लग्न. एकदा कागदावर आलं की..."

"आत्ता कागदावर कॉपी आणि ड्रग्ज आलंय. ते चालेल?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "गोष्ट कमिटीबाहेर जाणार नाही ना?" मी तसा शब्द दिला. सारंगला काही बोलावं लागणार नाही, डॉक्टरांचं सर्टिफिकेट पुरेल, असंही सांगितलं. नियम तसाच होता.

कमिटीची मीटिंग प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये झाली. प्रिन्सिपॉल, कंट्रोलर, मी. आणि रिपोर्ट त्यांचा म्हणून हॉलवरचे सरही. सारंग वडिलांच्या शेजारी बसला होता. मी सर्टिफिकेट पुढे ठेवलं. कंट्रोलरनी ते चाळलं.

"हा आजार अपंगत्वाच्या यादीत नाही, मॅडम."

"यादी आरक्षणासाठी आहे, सर. परीक्षेची सोय गरजेवर देता येते. ऑटोनॉमस कॉलेज आहे, परीक्षा आपलीच आहे."

"उद्या सगळेच पोट धरून येतील." मग ते सारंगकडे वळले. आवाज चढला नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा होता. "तीन तासांचा तर प्रश्न आहे. आधी एखादी गोळी घेऊन स्वल्प, जरासं कंट्रोल नाही का करता येत?"

"सर, सर्टिफिकेटमध्ये ते..." मी सुरुवात केली.

तेवढ्यात हॉलवरचे सर म्हणाले, "याने मला काही सांगितलंच नाही. एवढी अर्जन्सी असेल तर माणूस सांगतो की."

सारंगने मान वर केली. "सांगितलं होतं, सर. प्लीज, इट्स अर्जंट, म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, सगळ्यांनाच अर्जंट असतं, बस खाली." मग एका दमात म्हणाला, "आय डिड नॉट रीच, सर. कॉरिडॉरमध्येच झालं."

कंट्रोलर सर्टिफिकेटची घडी घालत बसले. हॉलवरच्या सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. पण माझं लक्ष पाटणकरांकडे गेलं. त्यांना हे माहीतच नव्हतं. ते मुलाकडे बघत होते आणि मुलगा काही त्यांच्याकडे बघत नव्हता.

"म्हणून घरी चालत आलास त्या दिवशी?" त्यांनी मराठीत विचारलं. अगदी हळू, जणू केबिनमध्ये दुसरं कुणी नव्हतंच.

सारंगने नुसती मान डोलावली.

पाटणकरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नंतर प्रिन्सिपॉलना इंग्रजीत म्हणाले, "सर, आजाराचं पूर्ण नाव लिहा. काय होतं तेही लिहा. मी सही करतो."

प्रिन्सिपॉल एवढंच म्हणाले, "सरी, ठीक आहे. केस ड्रॉप. मॅडम म्हणतात तशी सोय द्या." मीटिंग संपली. बाहेर पडताना हॉलवरचे सर माझ्यापाशी रेंगाळले. "मॅडम, मला काय माहीत?" म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते. रोज शंभर मुलं त्यांना बाहेर जाऊ द्या म्हणतात. पण त्या घडीला त्यांचं समाधान करायची माझी इच्छा नव्हती. मी लिफ्टची वाट न बघता जिना धरला. त्या मुलाला बोलावं लागणार नाही, असं मी सांगितलं होतं. आणि तो सगळ्यांसमोर बोलल्यावरच आमच्या टेबलाला पटलं.

पुरवणी परीक्षेत सारंगला तळमजल्यावर, दाराजवळचा बाक मिळाला. मी पहिल्या दिवशी कॉरिडॉरमधून एक चक्कर मारली. तो लिहीत होता. बाकावर पाण्याची बाटली होती. नंतर पर्यवेक्षिकेकडून कळलं की पूर्ण पेपरात तो एकदाच उठला. जाता येतं हे माहीत असलं की पुष्कळदा जावं लागत नाही, असं त्याचे डॉक्टरही म्हणाले. एक विषय राहिला, बाकीचे सुटले. राहिलेलाही पुढच्या सेमिस्टरला सुटला.

आमच्याकडेही एक बदल झाला. आता आजाराचे कागद फक्त कॅम्पसमधल्या डॉक्टर बघतात. कमिटीपुढे येतं ते एवढंच, की विद्यार्थ्याला काय लागतं. का लागतं, हे विचारायची सोय ठेवलेली नाही. कंट्रोलरनी पहिल्यांदा थोडी कुरकुर केली, मग सही केली. त्यानंतर अर्ज वाढले. सगळे पोट धरून मात्र आले नाहीत.

सारंग आता फायनल इयरला आहे. कँटीनमध्ये मी दिसले की तो मित्रांना घेऊन लांबच्या टेबलाकडे जातो. एकदा समोरासमोर आलो, तर मोबाइल काढून बघायला लागला. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी त्याच्यासाठी धडपडले होते. पण त्याच्या दृष्टीने मी म्हणजे ती केबिन, आणि तिथे बोललेलं ते वाक्य. ते आठवायला कोण थांबेल?

आता मीच आधी नजर वळवते. आमच्या कामात आभाराची वाट बघू नये. विद्यार्थी आपल्याला ओळख न दाखवता, मित्रांशी हसत, हातात भरलेली प्लेट घेऊन पुढे गेला, की काम झालं असं समजावं.