हिंगाच्या डबीतलं कार्ड

कार्डवाल्या काकूंच्या घरी मसाल्याचे दोन डबे होते. एक फोडणीचा आणि एक कॉम्प्युटरचा. दुसऱ्याच्या वाट्यांत नखाएवढी मेमरी कार्डं असायची, प्रत्येकावर वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. जिऱ्याच्या वाटीत जुनी, हळदीच्या वाटीत नवी, आणि जी मधेच रुसून बंद पडे ती मेथीच्या वाटीत. मी त्यांचा शेजारी, कॉम्प्युटरचा डिप्लोमावाला, त्यामुळे साऱ्या कोरेगावात मला याचं हसू सगळ्यांत जास्त यायचं.

काकू शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या यजमानांची, नानांची, नजर काचबिंदूनं गेली, तेव्हा मुलीनं सांगलीहून पत्त्याच्या पानाएवढा एक उघडाबोडका कॉम्प्युटर पाठवला. रोज सकाळी त्यानं नानांना पेपर वाचून दाखवायचा, एवढंच त्याचं काम. सोबत तयार सिस्टिमचं कार्ड होतं. काकूंनी ते पहिल्याच दिवशी पुसलं. म्हणाल्या, "तयार सिस्टिम म्हंजे दुकानातली चटणी. आपली आपण कांडल्याबिगर चव न्हाई लागत."

पण नाना म्हणजे महाखट. कुठलीच सिस्टिम त्यांना पसंत पडेना. एकदा म्हणाले, "आगं, ही बया निधनाच्या बातम्या हसत हसत वाचतीया." दुसरी बाजारभाव आरतीसारखे म्हणायची. तिसरीला म्हणे वाक्य संपायच्या आत दम लागायचा. काकू नानांच्या सात पिढ्या काढत कार्ड उपसायच्या, लॅपटॉपला लावायच्या आणि नवी सिस्टिम उतरवायला बसायच्या. तिला तास-दीड तास लागे. तोवर नानांचा पेपर अडायला नको, म्हणून काकू स्वतः वाचून दाखवत. बातमी कमी आणि शेरे जास्त. पुढाऱ्यांची तर अशी काही हजेरी घ्यायच्या की मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं.

मला त्यांची दया आली. एका रविवारी मी स्वच्छ मराठी वाचणारी सिस्टिम शोधून काढली, आवाज बसवला, बातमीगणिक त्याचा सूरही नीट लावला. निधनाला गंभीर, क्रिकेटला खुशीत. खोट काढायला जागाच ठेवली नाही. स्वतःवर इतका खूश झालो की चहासुद्धा मागून घेतला.

तिसऱ्या दिवशी काकू दळण आणायला गेल्या होत्या. नानांनी मला हाक मारली आणि हळूच विचारलं, "तुला कुणी रं सांगितलं हुतं ह्यो शानपणा करायला?"

"का नाना? नीट वाचत नाही का?"

"नीट वाचतंय, तेच तर. आता ती मशीन लावून देती आन् जाती कामाला. तीन दिस झालं, माझ्याजवळ बसली न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात काकू दळणाचा डबा घेऊन आत आल्या. नानांनी लगेच ठोकून दिलं, "आगं, ही बाय लय नाकात बोलतीया." ती मुळीच नाकात बोलत नव्हती. काकूंनी कार्ड काढलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून ते हिंगाच्या डबीत टाकलं.

"मला काय कळत न्हाई व्हय?" त्या हलकेच म्हणाल्या. "पयल्या सिस्टिमपास्नं ठावं हाय. तुज्या ह्या सिस्टिमीनं माझीबी तीन दिस करमणूक बंद केली बघ. आता हितंच ऱ्हाऊ दे तिला."

मग मेथीच्या वाटीतलं सगळ्यात दळभद्री कार्ड त्यांनी निवडून घेतलं. पुढची दोन वर्षं ते रोज बंद पडत होतं.

गेल्या थंडीत नाना गेले. काकू मुलीकडे सांगलीला निघाल्या, त्या सकाळी मी भेटायला गेलो. सामान बांधून झालं होतं. टेबलावर तेवढा तो कॉम्प्युटर चालू होता आणि खोलीभर हिंगाचा वास होता. माझी सिस्टिम पेपर वाचत होती, स्पष्ट, सुरात, कुठंही न अडखळता. काकू नानांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून ऐकत होत्या.

"लय नीट वाचतंय रं," त्या म्हणाल्या. "खोट काढायला कुणी न्हाई."