फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा

सिलोन बेटाला वर्षातून नेमकं कधी जावं, हे पूर्णपणे उमगलेली व्यक्ती या देशात एकच होऊन गेली, आणि ती आमच्या बऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात राहत होती. गावाने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे. त्या व्यक्तीने समुद्र कधी पाहिला नव्हता, एवढं फक्त सोडून द्यायचं.

सगळे त्यांना सिलोनमास्तर म्हणत. ते शाळेत भूगोल शिकवत. मी तिथेच नव्याने लागलेला मराठीचा मास्तर. त्यांच्याकडे एक जाड वही होती. सिलोनच्या दक्षिण टोकाला गॉल नावाचं गाव आहे. तिथल्या एका शाळामास्तरांशी त्यांचा इंग्रजीतून पत्रव्यवहार चाले. दर पंधरवड्याला तिकडून कार्ड यायचं: पाऊस किती, वारा कुठला, समुद्र कसा. ते सगळं मास्तर वहीत उतरवून घेत. इकडून तापीच्या पुराची आणि केळीच्या बागांची हकिगत जायची. कधीही न भेटलेल्या दोन माणसांनी वर्षानुवर्षं फक्त हवापाण्याबद्दल बोलावं आणि कंटाळू नये, याचं मला अजून नवल वाटतं. या सगळ्या कार्डांवरून मास्तरांनी निष्कर्ष काढला होता: फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा.

ती संस्थानं विलीन होण्याची वर्षं. वर्गातल्या नकाशात संस्थानं पिवळी होती. एकेक विलीन झालं की मास्तर स्टुलावर चढून तेवढा तुकडा गुलाबी करत. तो वाळतो न वाळतो तोच भाषावार प्रांतांची बोलणी सुरू झाली. "नकाशा ओला आहे, हात लावू नका," असं पोरांना बजावून ते सिलोन शिकवायला घेत. "बेटाचं बरं असतं. त्याची हद्द समुद्र आखतो. कमिशन बसवावं लागत नाही."

एकदा फोपनारचे एक पाटील मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसले. मीही तिथेच होतो.

"मास्तर, रामेश्वरले चाललो मी. तिथून पुढं लंका पाहून यावं म्हनतो. कवा जाऊ?"

"फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा."

"तवा तर माहे केळीचे घड निघतेत. मे मधी?"

"मे अखेरीस तिथे पाऊस धरतो. पण नैऋत्येच्या अंगालाच. मध्ये डोंगर आहेत, त्यामुळे पूर्वेकडे तेव्हा कोरडं ऊन असतं."

"मंग पूर्वेकडे जावा ना! शाळेले सुट्ट्याबी तवाच राहतेत. तुम्ही काहून नाही जात?"

मास्तर चष्मा पुसू लागले. आतून काकूंचा, मास्तरांच्या बायकोचा, आवाज आला, "विचारा, विचारा पाटील! मी विचारलं की यांना वही सापडत नाही."

काकूंना दमा होता. मे महिन्याच्या धुळीत तो विकोपाला जाई. दोघांना मूलबाळ नव्हतं. रात्री-अपरात्री काढा उकळून द्यायला मास्तरांशिवाय घरात कुणी नव्हतं. आणि फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, कुठलाच हेडमास्तर रजा देत नसे. मी एकदा धीर करून विचारलं, "रजा मिळत नाही म्हणूनच फेब्रुवारी निवडलात का?"

"मी कोण निवडणार?" ते म्हणाले. "ते वाऱ्यांनी ठरवलं आहे."

मग आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि आम्हाला नवे हेडमास्तर आले. त्यांनी हार घालून घेतले, राष्ट्रीय एकतेवर तासभर बोलले, आणि शेवटी कुणीतरी कानात सांगितल्यावर मोठ्या मनाने जाहीर केलं, "मास्टर साहब, आप लंका ज़रूर जाइए. फरवरी में जाइए. पंद्रह दिन की छुट्टी मंज़ूर!" टाळ्या पडल्या. मास्तरांचा चेहरा पाहून मला वाटलं, बदलीची ऑर्डर आली असावी.

काकूंनी मात्र कंबर कसली. "चार दिवसांत मी काही मरत नाही," म्हणत ट्रंक भरली, दशम्या बांधल्या. माझी आई त्यांच्या सोबतीला राहायला तयार झाली. बाहेरदेशी जायचे कागद झाले. मी टांग्यातून मास्तरांना स्टेशनवर सोडायला गेलो. भुसावळकडची गाडी आली, थांबली आणि गेली. मास्तर ट्रंकेवर हात ठेवून बाकावर बसून होते. गाडीचा आवाज पुरता विरल्यावर म्हणाले, "हिच्या काढ्याची वेळ झाली असेल."

दारात काकू उभ्या होत्या. "काय झालं? समुद्र आटला?" एवढं म्हणून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि हातात तीन कप चहा होता.

रजा हेडमास्तरांची लाज राखण्यासाठी पुरती भोगावी लागली. मास्तर पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. त्यांचे तास मी घेतले. परतल्यावर शाळेत त्यांचं व्याख्यान झालं. गेलो होतो असं ते एकदाही म्हणाले नाहीत. "फेब्रुवारीत तिथे आकाश निरभ्र असतं," असं म्हणाले. हेडमास्तरांनी आभार मानताना प्रत्यक्ष दर्शनाचं महत्त्व सांगितलं.

पुढे मला भोपाळला बढती देऊ केली, तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. तिथलं पाणी मानवत नाही, असं मी लिहून दिलं. त्यागबिग करतोय असं कुणाला सांगावं लागलं नाही, आईलाही नाही. ही रीत मी मास्तरांकडून उचलली, आणि आई गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्या रीतीचा मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. वर्गात पोरांना मी मराठी शिकवलं. मला जे शिकायचं होतं ते शेजारच्या वर्गात, भूगोलाच्या तासाला मिळालं.

काकू आधी गेल्या. मास्तर तेव्हा निवृत्त झाले होते, फेब्रुवारी मोकळा होता. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "आता काय, केव्हाही जाता येईल." ते गेले नाहीत. त्यांच्यामागे वही माझ्याकडे आली.

रजेच्या त्या पंधरवड्याचं पान मी आधी उघडलं. उजव्या बाजूला मास्तरांच्या बारीक अक्षरात रोजची एक ओळ आहे: 'लोधीपुरा. ऊन. वारा मंद. हिचा खोकला कमी.' डाव्या बाजूला, मार्चमध्ये आलेल्या कार्डावरून उतरवलेली गॉलची नोंद आहे.

पंधरापैकी तेरा दिवस पाऊस.