पडद्यावरचं घर

"ट्यांव!"

संगणक असा बोंबलला की पार आष्टीच्या बाजारातल्या म्हशी दचकल्या असतील. पडद्यावर परातीएवढी लाल फुली उमटली. आबासाहेब खुर्चीत मागं रेलून हसले.

"कोपीतली पोरगी हाय. तिला कोपीच घर दिसणार!"

ते हसले म्हणून गुरुजी हसले. गुरुजी हसले म्हणून वर्ग हसला. तालुक्याहून शाळा तपासायला आलेले साहेबही हसले. त्यांना तर कोपी म्हणजे काय हेही ठाऊक नसावं.

मला ठाऊक होतं. दिवाळी झाली की आई-बाप कारखान्याला ऊस तोडायला. त्यांच्या मागं मी. सहा महिने बिऱ्हाड कोपीत. चार बांबू, वर ताडपत्री. वाकून आत जायचं, वाकून बाहेर यायचं.

खेळ सोपा होता. संगणक इंग्रजी शब्द बोलायचा. पडद्यावर चार चित्रं यायची. बरोबर चित्रावर माउस दाबायचा. तो म्हणाला, 'हाऊस'. चित्रं होती बंगला, तंबू, मोटार आणि झाड. मी तंबू दाबला. हाऊस म्हणजे घर, हे मला येत होतं हो! माझा धाकटा भाऊ तसल्याच ताडपत्रीखाली जन्मला. बंगल्यात आमचं कोण जन्मलं होतं?

शाळेचे चार संगणक आबासाहेबांनी दिलेले. गावचे मोठे बागायतदार. निवडणुकीला उभे राहिले की पडणं त्यांना माहीत नाही. संगणकापुढं बसायला आम्हा ऊसतोड्यांच्या पोरांचा नंबर नसायचा. गुरुजी म्हणायचे, "तुमी दिवाळीला जाणार. तुमाला शिकवून काय उपेग?"

पण खोली झाडायला आम्ही. संगणक पुसायला आम्ही. बागायतदारांची पोरं माउस दाबत बसायची आणि मी झाडायचे. इतकी हळू, की एक फरशी होईस्तोवर शेतातली ज्वारी निसवायची. कान संगणकाकडं, डोळा पोरांच्या खांद्यावरून पडद्यावर. दोन वर्षांत डोक्यात इतके शब्द साठले की वेणी घालताना आईचा कंगवा अडकायचा.

त्या दिवशी मला खुर्ची मिळाली ती साहेबांसाठी. ऊसतोड्यांची पोरंसुद्धा शिकतात, हे दाखवायचं होतं. डोक्याला तेल, अंगात दुसऱ्या पोरीचा उसना फ्रॉक.

"ऊठ," गुरुजी म्हणाले. "खाली बस."

एका शब्दात खुर्ची गेली.

माझ्या जागी आबासाहेबांचा नातू बसला. वय अकरा, पण अख्खी शाळा त्याला दादासाहेब म्हणायची, गुरुजींसकट. त्याचं इंग्रजी गावात गाजलेलं. खरी गोष्ट फक्त झाडणारीला माहीत होती. चित्रं रोज त्याच क्रमानं यायची. दादासाहेबांना शब्द पाठ नव्हते. जागा पाठ होत्या. पहिलं वर डावीकडं, दुसरं खाली उजवीकडं. आदल्याच दिवशी तालुक्याच्या माणसानं प्रोग्राम नव्यानं भरला होता. सगळा क्रम बदलला.

ट्यांव. ट्यांव. ट्यांव.

आता कुणी हसेना. आबासाहेबांच्या मिशा उतरल्या. "मशीन बिघडली काय वो गुरुजी?" गुरुजींना एवढा घाम सुटला की त्यावर वाफाभर मेथी भिजली असती. साहेब चहाकडं वळले, तेवढ्यात गुरुजी माझ्या कानाशी वाकले.

"तुला येतंय. म्या बघितलंय, झाडताना तोंड हालतंय तुजं. खुर्चीमागं बस. हळूच सांग. दादासाहेब दाबतील."

म्हणजे यांना माहीत होतं.

दोन वर्षं माहीत होतं. मला येतंय हे बघत होते, आणि वरून कोपऱ्यातला केर राहिला म्हणून ओरडत होते.

बसवेना. उभं राहवेना. लाल फुलीनं जेवढं जाळलं नव्हतं तेवढं त्या कुजबुजीनं जाळलं.

"खुर्चीत बसवा," मी म्हणाले. "मग सांगते."

"काय?"

"खुर्चीत. न्हाई तर न्हाई."

आवाज मोठा निघाला. साहेबांचा कप ओठाशीच थांबला. आबासाहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"कुणाची गं तू?"

"कोपीतली. तुमीच म्हनलात की आत्ता."

इथं मला सांगावंसं वाटतं की साहेब उठले आणि मला खुर्चीत बसवलं. मी लई फेकते, पण एवढं फेकवत नाही. गुरुजींनी दंडाला धरून बाहेर काढलं. दार लावलं. दुसऱ्या दिवसापासून झाडायलाही आत घेतलं नाही.

आई म्हणाली, "कावून नडलीस गं? चार शबुद सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"माझे हायेत ते, आई."

तिनं भाकरी जोरात थापली.

आज मी एका शाळेत पोरांना संगणकावर इंग्रजी शब्द शिकवते. कच्ची नोकरी. परवाच आमचे संस्थाचालक म्हणाले, "मॅडम, ऊसतोड्यांची पोरं मागं उभी करा. बघून बघून शिकतेत ती."

शिकतात. मी शिकलेय. म्हणूनच उभी करणार नाही.

संगणकाच्या पाळीच्या यंदाच्या यादीत त्यांची नावं मी सगळ्यात वर लिहिलीत. दिवाळीला त्यांना जायचंय, घाई त्यांना आहे. बाकीचे थांबतील. नोकरी जाईल म्हणतात. जाऊ दे. पण नावं मी खोडणार नाही. ज्याला खोडायचीत त्यानं वर्गात यावं, पोर खुर्चीत बसलेलं असताना, त्याच्यादेखत आणि माझ्यादेखत खोडावीत.